हिवाळ्यात सायकलने कामावर जाताना रोज ओलं आणि गार का व्हायला होतं? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या आपल्या मंडळींची नोव्हेंबर ते मार्चमधली तक्रार ठरलेली असते. चांगलं महागाचं वॉटरप्रूफ जॅकेट घेतलं, तरी ऑफिसात पोचेपर्यंत शर्ट ओला, बोटं बधिर, आणि मग अकरा वाजेपर्यंत अंगातली शिरशिरी जात नाही. यावर बहुतेक जण काय करतात, तर त्याहून महाग जॅकेट आणतात. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

मी आइंडहोव्हनहून वेल्डहोव्हनला सायकलने कामावर जातो. त्या बाजूला जाणारी मराठी माणसं बरीच आहेत, त्यामुळे हा विषय डबा खाताना हमखास निघतो. इतरांचं ऐकून आणि स्वतः करून बघून माझं मत असं झालंय की बहुतेकांचं जॅकेट गळत नसतं. पाणी भलतीकडूनच येत असतं, आणि ते कुठून येतंय हे न बघता आपण नुसते उपाय बदलत राहतो.

इथला हिवाळा आपण समजतो तसा बर्फाळ नाही, आणि अडचण तिथेच आहे. जानेवारीचं सरासरी तापमान ३ ते ४ अंश. उणे दहाची कोरडी थंडी असती तर चार कपडे जास्त घालून भागलं असतं. इथे शून्याच्या जरा वर, दमट हवा, बारीक पाऊस आणि वारा, असं सगळं एकदम येतं. वर्षाचा पाऊस सरासरी ८५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्यापेक्षा फार जास्त नाही. पण पुण्याचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात उरकतो, इथला बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. पुण्यात पावसात भिजलं तरी हवा पंचविशीच्या आसपास असते, त्यामुळे ओल्या कपड्यांची चिकचिक होते पण माणूस गारठत नाही. आपल्या सवयी त्या पावसात घडलेल्या असतात. इथे ४ अंशांत ओला शर्ट अंगातली ऊब भराभर ओढून घेतो.

वाऱ्याचंही बघा. तापमान ३ अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे ३च्या जवळपास लागतं. इथे वारा जास्त करून नैऋत्येकडून येतो, आणि वेल्डहोव्हन आइंडहोव्हनच्या नैऋत्येलाच आहे. म्हणजे सकाळी वारा तोंडावर, संध्याकाळी पाठीवर. हे पुढे कामाला येणार आहे.

पोचल्यावर दोन मिनिटं चाचपून बघा

पुढच्या वेळी ओले होऊन पोचाल, तेव्हा लगेच कपडे बदलायला धावू नका. जॅकेट काढा आणि हाताने चाचपून बघा की ओल कुठल्या थरात आहे आणि अंगावर नेमकी कुठे आहे. एवढ्यावरून बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

पाठीचा कणा, काखा आणि छातीचा मधला भाग ओला, पण खांदे आणि दंड कोरडे असतील, तर तो घाम आहे. पाठीवर सॅक असेल तर पाठीच्या ओलीबद्दल शंकाच ठेवू नका. याउलट खांद्यांवर, सॅकच्या पट्ट्यांखाली दोन ओल्या पट्ट्या असतील, तर पाणी बाहेरून आलंय. पट्टा घासून घासून कापडावरचा लेप जातो आणि वरून वजनाचा दाब असतो, त्यामुळे सगळ्यात आधी तिथूनच झिरपायला लागतं. गळ्यापासून पोटापर्यंत उभी ओली रेघ दिसली तर चेनमधून किंवा उघड्या गळ्यातून पाणी शिरलंय. फक्त मनगटं ओली असतील तर हातमोजा आणि बाही यांचा क्रम चुकलाय. नडगीपासून खाली ओलं असेल तर पाणी आकाशातून नव्हे, पुढच्या चाकावरून येतंय.

आणि बसायची जागा ओली असेल तर सीट बघा. सीटच्या शिवणीला बोटभर चीर पडलेली असते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. सायकल रात्रभर पावसात उभी राहते, आतला फोम पाणी पिऊन बसतो. सकाळी वरून फडकं मारलं की सीट कोरडीठाक दिसते. मग आपण बसतो, वजन पडतं आणि पाणी पँटमध्ये येतं, तेही हळूहळू, त्यामुळे कळतं ते निम्म्या रस्त्यात. अंगठ्याने सीट जोरात दाबून बघा. चिरेतून बारीक बुडबुडे येऊन पाणी वर आलं, तर दोष पँटचा नाही. सीटवर रबरी कडेचं कव्हर घाला, किंवा साधी प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून बांधा. इथे कितीतरी सायकलींच्या सीटवर अशा पिशव्या दिसतात.

अजून शंका राहिली तर एक परीक्षा घ्या. पाऊस अजिबात नसलेल्या थंड दिवशी तेच जॅकेट घालून, त्याच वेगाने, त्याच रस्त्याने जा. तरीही शर्ट ओला झाला, तर जगातलं कुठलंही वॉटरप्रूफ जॅकेट तुमचा प्रश्न सोडवणार नाही.

घाम: खरा गुन्हेगार बहुधा हाच

शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. सायकल मारताना आपण जी शक्ती खर्च करतो तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पायडलपर्यंत जातो, बाकी सगळ्याची उष्णता होते. म्हणजे बेताच्या वेगातही अंग बसल्यावेळेच्या तिप्पट-चौपट तापतं. आणि आपण कपडे कधी ठरवतो? दारात उभं राहून, अजून एकही पायडल मारलेलं नसताना, गार हवेचा पहिला झोत आल्यावर. साहजिकच एक थर जास्त चढतो.

पुढचं सगळं त्या एका जास्तीच्या थराने होतं. सात-आठ मिनिटांत अंग तापतं, घाम येतो, त्याची वाफ जॅकेटच्या आतल्या बाजूला जाते. बाहेरून ४ अंशांचा पाऊस लागून ते कापड गार पडलेलं असतं. गरम भातावर ठेवलेल्या ताटलीला आतून पाणी धरतं, तसं जॅकेट आतून ओलं होतं. हात लावून बघणाऱ्याला वाटतं, गळतंय! श्वास घेणारं कापड म्हणून जे विकलं जातं ते वाफ सोडतं हे खरं, पण त्याला मर्यादा आहे, आणि तुम्ही त्या वेगाहून जास्त घाम गाळत असाल तर उरलेलं पाणी आतच राहणार.

यावर माझा एकच नियम आहे आणि मी तो प्रत्येकाला सांगतो: घरातून निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. कुडकुडायचं नाही, पण ‘आणखी एखादं काही घालावं का’ असं मनात यायला हवं. पहिल्या सिग्नलला अंग ठीक झालं तर कपडे बरोबर आहेत. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर काढून बॅगेत टाका.

अंगाला लागून काय घालता याला फार महत्त्व आहे. घरून येताना आपण प्रेमाने सुती थर्मल आणतो. घरात, रेल्वेत, बाजारात ते छानच. सायकलवर मात्र सुती कापड घाम शोषून घेतं आणि धरून ठेवतं. पोचल्यावर तुम्ही खुर्चीत बसता, अंगाचं तापणं थांबतं, आणि ते ओलं कापड तासभर अंगाला चिकटून राहतं. अकरापर्यंतची ती शिरशिरी इथून येते. त्याऐवजी पातळ पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा बनियन घाला. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि तिला घामाचा वासही लवकर येत नाही. पॉलिएस्टर स्वस्त आणि लवकर वाळणारं, पण वासाच्या बाबतीत वाईट. ऑफिसात तोच बनियन दिवसभर ठेवणार असाल तर लोकरीचे पैसे वसूल होतात.

आता ते वाऱ्याचं. सकाळी तोंडावर वारा असताना मेहनत जास्त, पण वारा अंग निववतो. संध्याकाळी पाठवारा असतो, तेव्हा सायकल आणि वारा जवळपास एकाच वेगाने चालतात, अंगाला हवा लागतच नाही आणि आपण मजेत आणखी जोर लावतो. त्यामुळे काही जण सकाळी कोरडे पोचतात आणि संध्याकाळी घरी घामाघूम. दोन्ही वेळा तेच कपडे चालतील असं धरू नका. येताना स्वेटर बॅगेत आणि काखेतल्या चेना उघड्या. जॅकेट घेताना काखेत चेन आहे का हे बघाच. माझ्या लेखी लेबलावरच्या आकड्यांपेक्षा ती चेन जास्त उपयोगी आहे.

सॅक पाठीवरून काढून कॅरियरला लावायची बॅग घ्या. सगळ्यांत जास्त फरक कशाने पडला असं विचारलं तर मी हेच सांगेन. तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगा मिळतात, त्यात लॅपटॉप मुसळधार पावसातही कोरडा राहतो. आणि शेवटचं एखादं किलोमीटर हळू चालवा, गळ्याची चेन खाली करून. अंग निवत निवत पोचतं.

जॅकेट खरोखरच गळतंय का

घाम नाही अशी खात्री झाली तर जॅकेटकडे वळा. त्यातही लगेच फेकू नका. बाहेरच्या कापडावर पाणी न टिकू देणारा एक लेप असतो. तो शाबूत असेल तर पावसाचे थेंब मोत्यांसारखे गोळा होऊन ओघळतात. तो गेला की कापड पाणी पितं, गडद दिसायला लागतं आणि जड होतं. आतला पडदा अजून धड असतो, पाणी आत येत नाही, पण बाहेर पाण्याचा थर बसल्यामुळे वाफेची वाट बंद होते आणि कापड गारगार अंगाला लागतं. म्हणजे पुन्हा घामच, फक्त यावेळी कारण वेगळं.

बेसिनच्या नळाखाली खांदा आणि बाही धरून बघा. पाणी ओघळलं तर ठीक. डाग पसरत गेला तर धुवायची वेळ झालीय. वॉटरप्रूफ जॅकेट धुवू नये असा एक समज आपल्यात आहे, तो उलटा आहे. घाम, तेल आणि धूळ यांनीच तो लेप झाकला जातो. पूर्वीच्या लेपांमध्ये फ्लोरीनयुक्त रसायनं असायची, ती आरोग्याच्या आणि पर्यावरणाच्या कारणाने आता काढली जात आहेत. नवे लेप पाणी उडवतात, पण तेलकटपणापुढे टिकत नाहीत, म्हणून नवी जॅकेटं जुन्यांपेक्षा जास्त वेळा धुवावी लागतात.

सगळ्या चेना लावून, ३० अंशांवर, अशा कपड्यांसाठीच्या द्रव साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने लेपाची वाट लागते. साबण राहू नये म्हणून एकदा जास्त खळबळा. मग लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर वीसेक मिनिटं फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि जॅकेट टाकून दिलं जातं. एवढं करूनही थेंब गोळा होत नसतील तर फवाऱ्याने मारायचा लेप मिळतो, तो ओल्या कापडावर मारायचा.

मग आतून बघा. शिवणींवर चिकटवलेल्या पट्ट्या सुटल्यात का, आतला थर सोलून पापुद्रे निघतायत का, हाताला चिकट लागतोय का. चिकट झाला असेल तर तो पडदाच विरघळत चाललाय, त्यावर उपाय नाही. तेव्हा मात्र नवं घ्या. लेबलवर १०,००० मिलिमीटर पाण्याचा दाब सोसणारं, शिवणी पूर्ण बंद केलेलं, मागून लांब आणि लांब बाह्यांचं असेल तर रोजच्या पाच-सात किलोमीटरला ते पुरतं.

खालून येणारं पाणी

डच सायकलवर आपण ताठ बसतो. मांड्या जवळजवळ आडव्या असतात, सगळा पाऊस त्यांच्यावर पडतो आणि गुडघ्यापर्यंत वाहतो. त्यामुळे इथे जॅकेटइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, पावसाळी पँट महत्त्वाची आहे. आपण दुकानात जॅकेटवर तासभर घालवतो आणि पँट हाताला लागेल ती उचलतो. ती उभी राहून मापू नका. दुकानातच खुर्चीत बसा, गुडघा छातीकडे उचला आणि बघा तळाची कड कुठे जाते. घोट्याच्या वर गेली तर सायकलवर बुटात पाणी जाणारच. बुटावरून घालता-काढता येईल इतकी लांब चेन पायाशी हवी, नाहीतर रस्त्याच्या कडेला एका पायावर नाचत राहाल.

पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, हाही चांगला पर्याय आहे. खालून हवा खेळते, घाम कमी येतो, मांड्या आणि हात दोन्ही झाकले जातात. फक्त वारा असेल त्या दिवशी नको. तो शिडासारखा भरतो आणि कालव्याच्या कडेने जाताना सायकल ओढली जाते. शिवाय हॅण्डलवरून पसरलेला पोंचो पुढच्या दिव्याला झाकून टाकतो. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा अंधारच. पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो, आणि तो लुकलुकणारा चालत नाही. पोंचो घालून एकदा कोणाला तरी समोर उभं करून दिवा दिसतोय का विचारा.

पुढच्या चाकाचं पाणी हा वेगळाच त्रास. साध्या डच सायकलला मडगार्ड असतात, पण हायब्रिड किंवा स्पोर्ट सायकलला नसतात, किंवा असले तरी इतके आखूड की चाकाने उडवलेलं पाणी थेट बुटांवर येतं. पूर्ण लांबीचे मडगार्ड लावा. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबराचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा दोन भोकं पाडून केबल टायने बांधा, जमिनीपासून चारेक बोटं वर राहील असा. दोन-तीन युरोंचं काम आहे, आणि त्याने महागड्या वॉटरप्रूफ बुटांइतका फरक पडतो.

बोटं

हात गारठण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्हींना एकच जाड हातमोजा घालून चालत नाही.

पहिलं, वारा. लोकरीचा विणलेला मोजा चालताना उबदार असतो, सायकलवर त्यातून वारा आरपार जातो. वर वारा अडवणारा पातळ थर हवा.

दुसरं, ओल. हॅण्डल धरताना हात कोपरापासून खाली उतरता असतो, म्हणून बाहीवरचं पाणी मनगटाकडे वाहतं. मोजा बाहीच्या वर ओढला तर ते सरळ मोज्यात जमा होतं. बाही वर, मोजा आत, असा क्रम ठेवा आणि बाहीचा पट्टा आवळा.

तिसरं कारण लोकांना खरं वाटत नाही: घट्टपणा. दोन मोजे एकावर एक चढवले आणि बोटं आवळली गेली, की रक्त कमी पोचतं आणि बोटं आणखी गार पडतात. मोज्याच्या आत बोटं हलवता आली पाहिजेत. तसंच धड गारठलं की शरीर हातापायांकडचं रक्त आवरून घेतं. मान आणि मनगटं झाकली, तर बोटांना वेगळं काही न करताही बरं वाटतं.

एवढं करूनही बोटं बधिर होत असतील, तर हॅण्डललाच कायमचे बसवायचे मोठे मोजे मिळतात. स्कूटरवर बसवलेले पाहिले असतील. त्यात हात घालायचा, आतून ब्रेक आणि गिअर चालवायचे, साधा पातळ मोजा पुरतो. दिसायला फार देखणे नाहीत, पण रोजच्या सायकलीसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. बसवल्यावर हात पटकन बाहेर काढून इशारा देण्याचा सराव मात्र रिकाम्या रस्त्यावर करा.

बधिर बोटं गरम रेडिएटरवर टेकवू नका किंवा कढत पाण्यात घालू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही, आणि एकदम शेकल्याने बोटं लाल होऊन सुजतात, खाजतात, ती खाज कधीकधी दिवसचे दिवस राहते. काखेत धरून हळूहळू ऊब येऊ द्या. बोटं वारंवार पांढरीफटक पडत असतील तर तो कपड्यांचा प्रश्न नाही, फॅमिली डॉक्टरला दाखवा.

पावलं

स्पोर्ट शूजला वर जाळी असते. उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या त्याच जाळीतून हिवाळ्यात वारा आणि पाणी शिरतं. चामड्याचे घोट्याच्या वर येणारे बूट, अर्धा नंबर मोठे, आत एक जाड लोकरीचा मोजा, आणि पँट बुटाच्या बाहेर. पँट बुटात खोचली तर बूट भरतो.

ऐन पावसात सापडलात आणि काहीच नसेल, तर मोज्यावरून ब्रेडची रिकामी पिशवी चढवा आणि मग बूट घाला. बूट भिजतो, मोजा कोरडा राहतो, वाराही अडतो. रोज करू नका, तासाभरात आत घामाने ओलं होतं, पण वीस मिनिटांच्या रस्त्याला फार उपयोगी. बुटावरून घालायचे आवरणही मिळतात. ते घेतलेत तर तळव्याला जाड रबर असलेले घ्या, पातळ तळवा सिग्नलला पाय टेकून टेकून लवकर फाटतो.

डोकं आणि चष्मा

जॅकेटचा हूड सायकलवर शक्यतो नको. मान वळवली तरी हूड वळत नाही, मागून येणारी गाडी दिसत नाही. कान झाकणारी पातळ कानटोपी आणि गळ्यात नळीसारखा मफलर पुरतो. चष्मा असेल तर छोट्या छज्जाची टोपी आत घाला, काचेवर थेट थेंब पडत नाहीत. भांड्याच्या साबणाचा एक थेंब काचेवर चोळून कोरड्या कापडाने पुसला तर धुकं कमी धरतं.

ई-बाइक, आणि मागे बसलेलं मूल

ई-बाइकवर वरचा सल्ला उलटा वापरा. मोटर काम करते, तुम्ही कमी करता, वेग जास्त म्हणून वाराही जास्त. घाम हा प्रश्नच उरत नाही, गारठा हाच प्रश्न. इथे दारातच उबदार वाटलं पाहिजे, स्वेटर हवाच. साध्या सायकलवरून ई-बाइकवर गेलेले लोक ‘यंदा थंडी फार आहे’ म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

आणि मुलांचं याहून कळकळीने सांगतो. शाळेत सोडताना आपण पायडल मारत असतो, आपल्याला गरम होतं, आणि आपण आपल्यावरून मुलाचे कपडे ठरवतो. मूल तर नुसतं बसलेलं असतं. त्याच्या अंगात हालचालीची काहीच ऊब तयार होत नाही, आणि पुढच्या सीटवर असेल तर सगळा वारा त्याच्याच छातीवर. तुम्हाला ठीक वाटतंय म्हणून मुलालाही ठीक आहे असं समजू नका. पूर्ण अंगाचा वॉटरप्रूफ सूट, आत लोकरीचा थर, पायांवर पांघरूण, आणि पुढच्या सीटला पारदर्शक काच बसवता येते ती जरूर बसवा. त्याचे हातपाय कसे आहेत हे मधे थांबून हात लावून बघा. लहान मुलं गारठली की रडतातच असं नाही, काही जण नुसती गप्प होतात.

निघायच्या आधी आणि पोचल्यावर

बाउएनराडारसारख्या ॲपवर पुढच्या दोन तासांचा पाऊस पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांनी दिसतो. इथल्या सरी बहुधा लहान असतात. घरातून दहा मिनिटं उशिरा निघून सगळा पाऊस टाळता येतो, हे तंत्र जमलं की रेनकोट कितीतरी दिवस बॅगेतच राहतो. ऑफिसशी बोलून येण्याची वेळ तेवढी लवचिक करून घ्या.

ऑफिसच्या कपाटात एक जोडी बूट, एक जोडी मोजे आणि एक शर्ट कायमचे ठेवा. ओले बूट रेडिएटरला चिकटवून ठेवले तर चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. हातमोजे मात्र दोन जोड्या हव्यात. सकाळी भिजलेला जाड मोजा संध्याकाळपर्यंत वाळत नाही, आणि ओल्या हाताने तो ओढून काढला की आतलं अस्तर बोटांसकट उलटं बाहेर येतं, ते पुन्हा नीट बसत नाही. मनगटाकडून न ओढता बोटांच्या टोकांना धरून, एकेक बोट सोडवत काढा.

पारा शून्याच्या खाली जाणार असेल त्या सकाळी पुलांवर जपून. खालूनही गार हवा लागत असल्याने पुलावर रस्त्याच्या आधी बर्फ धरतं. आइंडहोव्हन आणि वेल्डहोव्हनच्या मधला होव्हनरिंग हा २०१२मध्ये सुरू झालेला लटकता गोल सायकलपूल दिसायला सुंदर आहे, पण उतारावर आणि वळणावर ब्रेक एकदम दाबायची ती जागा नाही. वळणाआधीच वेग कमी करा, टायरमधली हवा थोडी कमी ठेवा. मुख्य सायकलरस्त्यांवर पालिका मीठ टाकते, त्यामुळे शक्यतो त्याच रस्त्यांनी जा, आतल्या गल्ल्यांमधून नको. ते मीठ साखळी खातं, म्हणून आठवड्यातून एकदा साखळी फडक्याने पुसून तेल द्या. कुलपातही दोन थेंब सोडा, म्हणजे गोठून अडकणार नाही. ई-बाइकची बॅटरी रात्री घरात आणून ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जिंगला लावा.